भाग : गाडीच्या नकाशाला शिकवलं कुणी?

चालक नसलेल्या गाडीला कॅमेरे असतात, लेझरने अंतर मोजणारं लायडार असतं. मग तिला नकाशा कशाला हवा? प्रश्न रास्त आहे. पण कॅमेऱ्याला वळणापलीकडचं दिसत नाही, आणि उभ्या ट्रकच्या आडचं झेब्रा क्रॉसिंगही दिसत नाही. शिवाय आपल्या फोनमधला नकाशा कोणता रस्ता ते सांगतो. गाडीला कोणती लेन, तिची कड कुठे, थांबायची रेषा कुठे, हे सगळं लागतं. असा नकाशा बनवायला यंत्राला कसं शिकवलं, त्याचा इतिहास आज बघू.

सुरुवात करू ३ नोव्हेंबर २००७ पासून. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या दार्पा या संस्थेने कॅलिफोर्नियात व्हिक्टरव्हिल इथल्या बंद पडलेल्या हवाई तळावर शहरी रस्त्यांची शर्यत घेतली. कार्नेगी मेलनची ‘बॉस’ ही गाडी जिंकली. पण एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. रस्त्यांचा आराखडा संघांना आयताच मिळाला होता. लेनमधले बिंदू, थांबे, पार्किंगच्या जागा, सगळं एका फाइलमध्ये. पुढे २००९ मध्ये गूगलने हे काम हाती घेतलं, तेव्हाही आधी माणसाने रस्त्यावरून गाडी फिरवायची, मोजमापं घ्यायची, नकाशा तयार करायचा, आणि मगच गाडी त्यावर सोडायची. काम चोख, पण वेळखाऊ आणि महाग. आणि रस्ता काही एका जागी गप्प बसत नाही. आज खोदकाम, उद्या नवा दुभाजक.

मग हेच काम यंत्राला शिकवलं तर? त्याची तयारी वेगळ्याच ठिकाणी चालली होती, टोरांटो विद्यापीठात. २०१० मध्ये वोलोदिमिर म्निह आणि जेफ्री हिंटन यांनी विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत रस्ते ओळखणारं न्यूरल नेटवर्क मांडलं. हिंटन म्हणजे तेच, ज्यांना २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. म्निह यांनी २०१३ च्या प्रबंधात मॅसॅच्युसेट्स राज्याची ११७१ छायाचित्रं वापरली. एकेका छायाचित्रात सव्वादोन चौरस किलोमीटर भाग. आता रस्ता कुठे आहे हे यंत्राला दाखवणार कोण? त्यासाठी ओपनस्ट्रीटमॅप घेतला. हा स्वयंसेवकांनी मिळून बनवलेला नकाशा, २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेला. त्यातल्या रस्त्याच्या मध्यरेषा घेतल्या आणि त्या सरसकट ७ मीटर जाडीच्या रंगवल्या. गल्ली असो की हायवे, जाडी तेवढीच.

इथे खरी गोम आहे. माणसाने नकाशात एखादा रस्ता काढायचा राहून गेला असेल, तर यंत्राला काय शिकवलं जातं? छायाचित्रात रस्ता ढळढळीत दिसतोय, आणि मास्तर सांगतायत, ‘इथे रस्ता नाही.’ दुसरी चूक म्हणजे रेषा जरा बाजूला सरकलेली. या दोन्ही चुका गृहीत धरून कसं शिकवायचं, यावर म्निह आणि हिंटन यांनी २०१२ मध्ये स्वतंत्र निबंधच लिहिला. गुण देतानाही ३ मीटरची सूट ठेवली होती. शहराचा नकाशा करायचा तर ही सूट ठीकच आहे. पण अमेरिकेत हायवेची लेन साधारण साडेतीन मीटरची असते. गाडीच्या दृष्टीने ३ मीटरची चूक म्हणजे जवळपास शेजारची लेन, समोरून येणाऱ्याची सुद्धा असू शकते!

दुसरी अडचण जोडणीची. झाडाच्या सावलीत रस्त्याचा एक तुकडा गायब झाला, तर चित्र म्हणून नकाशा ९९ टक्के बरोबर ठरतो. पण त्यावरून वाट काढायला जा, तर मोठा वळसा पडेल. म्हणून २०१७ च्या सुमारास स्पेसनेट स्पर्धेत परीक्षाच बदलली. लास व्हेगास, पॅरिस, शांघाय आणि खार्टूम या शहरांच्या उपग्रह चित्रांवरून रस्ते काढायचे, आणि गुण रंगावर नाही, तर एका जागेहून दुसऱ्या जागी जायचं अंतर खऱ्याशी किती जुळतं त्यावर.

तरी वरून बघून लेनची रेषा नेमकी मिळणं कठीणच. २०२१ मध्ये चीनमधल्या संशोधकांचं एचडीमॅपनेट आलं, आणि नकाशा काढण्याचं काम थेट गाडीकडे आलं. चालता चालता, स्वतःच्या कॅमेऱ्यांवरून आणि लायडारवरून, लेनच्या रेषा, रस्त्याच्या कडा आणि क्रॉसिंग काढायची. अभ्यासाला न्यूसीन्स हा संग्रह, बॉस्टन आणि सिंगापूरमधले २० सेकंदांचे १००० प्रसंग. दरवर्षी नवी मॉडेलं, दरवर्षी चढते गुण.

आणि २०२४ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी एक साधी गोष्ट तपासली. सरावाच्या आणि परीक्षेच्या जागा वेगळ्या होत्या का? नव्हत्या. न्यूसीन्समध्ये परीक्षेचे ८० टक्क्यांहून जास्त नमुने सरावातल्या एखाद्या जागेपासून ५ मीटरच्या आत होते. म्हणजे सरावाचाच पेपर परीक्षेला! जागा खरोखर वेगळ्या करून पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा काही मॉडेलांचे गुण शंभरातले ४५ पेक्षा जास्त घसरले. यंत्र रस्ता वाचत नव्हतं, पाठ म्हणत होतं.

मला हा शोध या सगळ्या इतिहासातला सगळ्यात मोलाचा वाटतो. नवं मॉडेल बनवणाऱ्याचं नाव होतं, परीक्षा तपासणाऱ्याला कुणी विचारत नाही. पण ही गाडी एक दिवस अशा चौकात येणार, जो तिने कधीच पाहिलेला नाही, आणि तिथे कुणीतरी रस्ता ओलांडत असणार. तिथे पाठांतर कामाचं नाही. तेव्हा ‘आमचा नकाशा इतके टक्के अचूक’ असं कुणी सांगितलं, तर टक्के ऐकून घ्या, आणि मग विचारा, तपासला कुठे?

आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात भेटूच.