चार्ल्स मॅट्युरिन : आयर्लंडमधील एक भयकथाकार

इंग्रजी कादंबरीच्या इतिहासग्रंथांत चार्ल्स रॉबर्ट मॅट्युरिन या आयरिश लेखकाची बोळवण बहुधा एखाद्या परिच्छेदात होते. हॉरेस वॉल्पोलने १७६४ मध्ये ‘कॅसल ऑफ ओट्रँटो’ लिहिली आणि पुढील आवृत्तीत तिला ‘गॉथिक कथा’ असे नाव दिले. तेव्हापासून ओसाड गढ्या, भुयारे, काळोखे मठ आणि शापित घराणी यांच्या कथांची जी परंपरा सुरू झाली, तीत आयर्लंडच्या लेखकांचा वाटा मोठा आहे. रेजिना मारिया रोश या वॉटरफर्डच्या लेखिकेची ‘चिल्ड्रन ऑफ द ॲबी’ (१७९६) ही कादंबरी एके काळी घरोघर वाचली जात असे. मॅट्युरिन या परंपरेत थोडा मागाहून आला. तथापि भय कोठून उत्पन्न होते, या प्रश्नाला त्याच्या लेखनात जे उत्तर मिळते, ते पूर्वसूरींच्या लेखनात मिळत नाही. त्या उत्तराचा शोध घ्यावा, एवढाच आमचा येथे हेतू आहे.

मॅट्युरिनचा जन्म १७८० मध्ये डब्लिन येथे झाला. त्याचे पूर्वज फ्रान्समधील ह्यूगेनॉट, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथाचे. स्वदेशात छळ झाल्यामुळे परागंदा झालेल्या या पंथीयांची स्मृती त्याने आयुष्यभर जपली. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातून १८०० मध्ये पदवी घेतल्यावर तो धर्मोपदेशक झाला. काही काळ गॉल्वे परगण्यातील लॉक्रे येथे आणि पुढे मृत्यूपर्यंत डब्लिनच्या सेंट पीटर चर्चमध्ये तो सहायक धर्मोपदेशकच राहिला. वडिलांची टपालखात्यातील नोकरी १८०९ मध्ये आरोपावरून गेली आणि त्यांच्या संसाराचा भारही त्याच्या तुटपुंज्या वेतनावर पडला. विद्यार्थ्यांच्या शिकवण्या करणे आणि कादंबऱ्या लिहिणे, हे दोनच मार्ग त्याच्यापुढे उरले.

पहिल्या तीन कादंबऱ्या, ‘फेटल रिव्हेंज’ (१८०७), ‘द वाइल्ड आयरिश बॉय’ (१८०८) आणि ‘द मिलेशियन चीफ’ (१८१२), त्याने डेनिस जॅस्पर मर्फी या टोपणनावाने प्रसिद्ध केल्या. धर्मोपदेशकाने असले लेखन करणे वरिष्ठांना रुचणारे नव्हते. पहिल्या कादंबरीचे परीक्षण १८१० मध्ये वॉल्टर स्कॉटने केले. लेखकाचे सामर्थ्य त्याने ओळखले आणि ते अशा विषयावर खर्ची पडल्याबद्दल खंतही व्यक्त केली. पुढे स्कॉटच्याच प्रोत्साहनाने आणि बायरनच्या साहाय्याने ‘बर्ट्रम’ हे नाटक १८१६ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन रंगभूमीवर आले. एडमंड कीनसारखा नट प्रमुख भूमिकेत होता. नाटक गाजले आणि लेखकास सुमारे १००० पौंड मिळाले. परंतु यशामुळे टोपणनावाचा पडदा गळून पडला. कोलरिजने नाटकावर अनीतीचा कठोर आरोप केला, आणि चर्चमध्ये बढती मिळण्याची आशा मावळली. ‘मॅन्युएल’ (१८१७) आणि ‘फ्रेडोल्फो’ (१८१९) ही नंतरची नाटके पडली. याच सुमारास ‘विमेन’ (१८१८) ही डब्लिनमधील कर्मठ कुटुंबाचे चित्र रेखाटणारी कादंबरी निघाली. अशा स्थितीत १८२० मध्ये ‘मेल्मॉथ द वाँडरर’ चार खंडांत प्रकाशित झाली. मॅट्युरिनची कीर्ती आज मुख्यतः या एका ग्रंथावर उभी आहे.

या कादंबरीचे बीज आपल्याच एका प्रवचनात असल्याचे लेखक प्रस्तावनेत सांगतो. साऱ्या जगाचे वैभव मिळाले तरी मोक्षाची आशा सोडावयास तुमच्यापैकी कोणी तयार होईल काय, असा प्रश्न त्याने श्रोत्यांना केला होता. मेल्मॉथने असाच सौदा केला आहे. दीडशे वर्षांच्या वाढीव आयुष्याच्या मोबदल्यात त्याने आपला आत्मा गहाण टाकला आहे, आणि आपला भोग स्वखुशीने पत्करणारा कोणी भेटला तरच त्याची सुटका व्हावयाची आहे. म्हणून तो वेड्यांच्या इस्पितळात, तुरुंगात आणि उपासमारीने गांजलेल्या घरात जाऊन आशा संपलेली माणसे शोधतो. त्याचा देकार कोणीही स्वीकारीत नाही. एका कथेच्या पोटात दुसरी आणि दुसरीच्या पोटात तिसरी, अशी ही रचना आहे. कथासरित्सागराची ओळख असलेल्या आपल्या वाचकास ती परकी वाटू नये.

कादंबरीतील सर्वांत भीषण भाग स्पेनमध्ये घडतो. मोन्साडा नावाच्या तरुणास त्याच्या इच्छेविरुद्ध मठात डांबण्यात येते. तेथून निसटण्याचा त्याचा प्रयत्न फसतो आणि तो इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मनिष्ठेची चौकशी करणाऱ्या न्यायासनाच्या हाती सापडतो. या न्यायासनाची आठवण गोव्यातील वाचकास करून देण्याची गरज नाही. ते गोव्यात १५६० मध्ये आले, १७७४ मध्ये बंद झाले, १७७८ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि १८१२ मध्ये कायमचे उठले. गोव्याच्या कोठडीत राहिलेल्या शार्ल दलाँ या फ्रेंच वैद्याने १६८७ मध्ये लिहिलेली हकीकत युरोपभर पसरली होती. आयरिश लेखिका सिडनी ओवेन्सन हिने ‘द मिशनरी’ (१८११) या कादंबरीचा शेवट गोव्यातील अग्निदंडाच्या प्रसंगाने केला आहे. इन्क्विझिशन हे दूरच्या, कॅथलिक देशातील पाप, अशी प्रॉटेस्टंट वाचकांची सोयीची समजूत होती. मॅट्युरिनचीही जाहीर भूमिका तीच होती.

परंतु त्याच्या कादंबरीतील एक प्रसंग पाहा. पितृहत्येचा कलंक असलेल्या एका माणसाला माद्रिदच्या रस्त्यात जमाव ठेचून मारतो. लपून बसलेला मोन्साडा खिडकीतून ते पाहतो, आणि पाहता पाहता भान हरपून तोही जमावाबरोबर ओरडू लागतो. या जागी मॅट्युरिन एक तळटीप देतो. १८०३ मध्ये रॉबर्ट एमेटच्या उठावाच्या रात्री, डब्लिनच्या टॉमस स्ट्रीटवर, न्यायाधीश लॉर्ड किल्वॉर्डन यास गाडीतून ओढून भाल्यांनी भोसकण्यात आले; समोरच्या माडीवरून ते दृश्य पाहणाऱ्या एका चांभाराला कायमचे वेड लागले. एका प्रत्यक्षदर्शीने सांगितलेल्या या हकीकतीवरून आपला प्रसंग रचल्याचे लेखक स्वतःच नमूद करतो. आमच्या मते मॅट्युरिनच्या सगळ्या वाङ्मयाची किल्ली या तळटिपेत आहे. वरच्या ओळींत माद्रिद आहे आणि खाली डब्लिन. स्पेनचे म्हणून दाखविलेले भय लेखकाच्या स्वतःच्या रस्त्यावरचे आहे.

हीच गोष्ट कथेच्या आरंभी अधिक स्पष्ट होते. १८१६ च्या शरदऋतूत जॉन मेल्मॉथ हा विद्यार्थी विक्लो परगण्यातील मरणोन्मुख चुलत्याकडे जातो. तेथे १६४६ सालचे एक चित्र त्याच्या दृष्टीस पडते, आणि चित्रातील माणूस अद्याप जिवंत असल्याचे चुलता सांगतो. या घराण्याचा आयर्लंडमधील मूळ पुरुष क्रॉम्वेलच्या सैन्यातील अधिकारी होता. राजनिष्ठ आयरिश कुटुंबाकडून जप्त केलेली जमीन त्याला मिळाली होती. भटक्या मेल्मॉथ हा त्याचाच भाऊ. म्हणजे शापित पुरुष परक्या कॅथलिक देशातून आलेला नाही; तो जिंकलेल्या जमिनीवर वसलेल्या प्रॉटेस्टंट घरातलाच आहे. दुसऱ्याची भूमी घेऊन वसलेल्या घराण्याचा पूर्वज मरतच नाही, ही कल्पना केवळ भुताटकीची नव्हे. तीत इतिहासाचा हिशेब आहे.

हिंदुस्थानाविषयीचा भागही याच दृष्टीने वाचावा. हुगळीच्या मुखाजवळील बेटावर इमाली ही स्पॅनिश मुलगी एकटी वाढते. मेल्मॉथ तिला दुर्बिणीतून आमच्या देशातील पूजा आणि रथयात्रा दाखवितो. ते चित्र परक्या ग्रंथांवरून काढलेले आणि पूर्वग्रहदूषित आहे. मॅट्युरिनने हा देश कधी पाहिला नव्हता. तरीही आम्हांस मौज वाटते ती पुढील पानांची. मेल्मॉथ नंतर युरोपकडे वळतो. तेथील युद्धे, श्रीमंतांचा विलास आणि गरिबांची उपासमार यांचे वर्णन तो इतक्या जहाल शब्दांत करतो, की लेखकाला तळटीप घालून ही मते आपली नसून सैतानाच्या दूताची आहेत, असा खुलासा करावा लागतो. व्यासपीठावरून जे बोलता आले नसते, ते त्याने सैतानाच्या तोंडून बोलून घेतले.

‘द अल्बिजेन्सिस’ ही ऐतिहासिक कादंबरी आणि कॅथलिक पंथाच्या चुकांवरील पाच प्रवचने, ही दोन्ही १८२४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मॅट्युरिन निवर्तला. मायदेशापेक्षा फ्रान्सने त्याची कदर अधिक केली. बाल्झाकने १८३५ मध्ये मेल्मॉथच्या कथेचा उत्तरार्ध लिहिला. बोदलेअरने मेल्मॉथच्या हास्याचे मर्म उलगडले. मॅट्युरिनच्या पत्नीच्या बहिणीचा नातू ऑस्कर वाइल्ड १८९७ मध्ये तुरुंगातून सुटला, तेव्हा परदेशात राहण्यासाठी त्याने सेबॅस्टियन मेल्मॉथ हे नाव घेतले.

आपल्याकडेही लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ (१८६१) पासूनच्या कादंबऱ्यांना ‘अद्भुतरम्य’ असा शिक्का मारून आपण मोकळे होतो. मॅट्युरिनचे उदाहरण अध्यापकांनी अशा वेळी आठवावे. त्याच्या प्रवचनांत त्याची मते सापडतात आणि ती एकांगी आहेत. कादंबरीत मात्र त्याची भीती सापडते, आणि भीती मतांहून अधिक प्रामाणिक असते. दुसऱ्याच्या घरातील भूत दाखविण्यास निघालेल्या या धर्मोपदेशकाच्या हातातील दिव्याचा उजेड अखेर त्याच्याच घरातील भिंतीवर पडला, आणि तेथे टांगलेले चित्र त्याने झाकून ठेवले नाही. त्याचे ग्रंथ आजही वाचावेत ते याकरिता.