दोन शहरं, दोन गायन समाज

आज गाण्याविषयी बोलायचं आहे. पण रागांविषयी नाही, गाणं ऐकण्याच्या जागांविषयी. आज एखाद्या गायिकेला समोर बसून ऐकायचं असलं, तर आपण म्युझिक सर्कलच्या बैठकीला जातो, दिवाळी पहाटेला जातो. तिकीट काढलं की खुर्ची आपली. शेजारी कोण बसलंय हे कुणी विचारत नाही. आपल्या पणज्यांना मात्र ही खुर्ची नव्हती. ती कशी मिळाली, हे पाहायला आम्ही मुंबई आणि पुणे ही दोन शेजारची शहरं घेतली आहेत.

ही शहरं खऱ्या अर्थाने शेजारी झाली ती १८६३ साली, बोरघाटातून रेल्वे धावू लागली तेव्हा. त्यानंतर सातच वर्षांनी, १८७० मध्ये, मुंबईत गायनोत्तेजक मंडळी निघाली. पाठोपाठ १८७४ मध्ये पुण्यात पूना गायन समाज उभा राहिला. त्याआधी रागदारी गाणं होतं कुठे? संस्थानांच्या दरबारात, देवळात, सावकारांच्या वाड्यात आणि कलावंतिणींच्या दिवाणखान्यात. घरच्या बायकांकडे ओव्या होत्या, भूपाळ्या होत्या, मंगळागौरीची आणि भोंडल्याची गाणी होती. पण घरंदाज बाईने तानपुरा जुळवून बसणं, हे कुणाच्या कल्पनेतही नव्हतं.

पेशवाई गेली, दरबार आटले, तसा गवयांचा आधार गेला. नवा आधार हवा होता, आणि तो वर्गणीतून मिळू शकत होता. दहा-वीस जणांनी पैसे जमवायचे, जागा घ्यायची, गवयाला बोलवायचं. गायन समाज म्हणजे ही व्यवस्था. ती दोन्ही शहरांत झाली, पण दोन तऱ्हांनी.

मुंबईची मंडळी पारशांनी काढली. तिच्यामागे होते कैखुश्रू काबराजी. ते ‘रास्त गोफ्तार’ या वर्तमानपत्राचे संपादक, गुजराती रंगभूमीवरचं मोठं नाव, आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे ‘स्त्रीबोध’ या बायकांच्या मासिकाचेही संपादक. बायकांनी वाचावं म्हणून मासिक चालवणारा माणूस गाण्याची संस्था काढतो, तेव्हा सभ्य घरात गाणं कसं यावं हा प्रश्न त्याच्यासमोर असणारच. मंडळीने शिकवण्यासाठी चांगले गवई ठेवले. १८८४ मध्ये वाळकेश्वरचा एक तरुण तिथे दाखल झाला. पुढे तो वकील झाला, आणि वकिली सोडून आयुष्यभर गाण्याच्याच मागे लागला. ते विष्णू नारायण भातखंडे. मंडळीत त्यांना धृपदं मिळाली, ख्याल मिळाले, आणि उस्तादांकडून विद्या मिळवायची कशी, याचा सरावही झाला. पुढे त्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा ग्रंथ मराठीत लिहिला, म्हणून ते शास्त्र आपल्या भाषेत आलं.

पुण्याची गोष्ट वेगळी. तिथे व्यापाऱ्यांचा पैसा नव्हता. शिकलेली, बहुतेक ब्राह्मण मंडळी होती. त्यांना सिद्ध करायचं होतं की आमचं संगीत प्राचीन आहे, त्याला शास्त्र आहे, ते इंग्रजी शिकलेल्या वरच्या वर्गानेही अभिमानाने ऐकावं. म्हणून समाजाने इंग्रज अधिकाऱ्यांसमोर जलसे केले, मद्रासला शाखा काढली, आणि १८८७ मध्ये आपल्या कामाविषयी इंग्रजीत पुस्तक छापलं. मुंबईने उस्ताद गाठले, पुण्याने शास्त्र आणि प्रतिष्ठा गाठली, असं थोडक्यात म्हणता येईल.

पण एका बाबतीत दोन्ही शहरं सारखी होती. गाणं नाचगाण्याच्या बदनामीतून सोडवायचं, ही दोघांचीही इच्छा होती आणि कारभार दोन्हीकडे पुरुषांच्याच हातात होता. आता ही ‘बदनामी’ होती कुणाची? गाणं जिवंत ठेवणाऱ्या बायकांची. उस्ताद ज्यांना शिकवत होते, त्यांत या बायकाही होत्या. अंजनीबाई मालपेकर यांचंच पाहा. मूळच्या गोव्याकडच्या, भेंडीबाजार घराण्याच्या नझीर खाँसाहेबांच्या शिष्या. पुढे कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर यांनीही त्यांच्याकडून विद्या घेतली. अशा बायकांच्या घरात पिढ्यान् पिढ्या साठलेलं गाणं सभ्य समाजाला हवं होतं. त्या बाया मात्र नको होत्या. हे आम्हाला स्पष्ट सांगावंसं वाटतं, कारण आपल्याला गाण्याचा क्लास मिळाला तो या हिशेबातून मिळाला.

क्लासचा मार्ग मोठा केला तो विष्णू दिगंबर पलुस्करांनी. त्यांचं गांधर्व महाविद्यालय १९०१ मध्ये लाहोरला सुरू झालं आणि १९०८ मध्ये मुंबईत आलं. इकडे १९११ मध्ये भास्करबुवा बखले यांनी पुण्यात भारत गायन समाज स्थापन केला. नियमांची शाळा, ठरलेली वेळ, फी, परीक्षा, असं सगळं आल्यावर घरच्या मुलीला गाणं शिकायला पाठवणं हळूहळू सोपं झालं. भास्करबुवांची दोन्ही शहरांत ये-जा होती. मुंबईच्या ताराबाई शिरोडकर या त्यांच्या शिष्या. एकच गुरू घरंदाज मुलांनाही शिकवायचा आणि कलावंत घरातल्या बाईलाही. या दोघांनी एका सभागृहात बसावं, हे मात्र व्हायचं होतं. घरच्या मुलीला शिकायची मुभा मिळाली होती, चारचौघांत गायची नाही. कलावंतीण गाऊ शकत होती, पण तिला मान नव्हता.

हे कोडं सोडवण्यात तिकिटाचा वाटा मोठा आहे. खासगी बैठकीत यजमान ठरवायचा कोण येईल, किती वेळ चालेल, बिदागी किती. गाणारीला बोलावलं म्हणजे आपण तिला विकतच घेतलं, असं समजणारेही असत. तिकिटाच्या मैफलीत जागा, वेळ आणि किंमत आधीच छापलेली. जो पैसे देईल तो ऐकेल आणि उठून घरी जाईल. गायिकेवर कुणाचे उपकार राहत नाहीत. पुण्याच्या हिराबाई बडोदेकर या तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गायिकांपैकी. अंगभर पदर, शांत बैठक, हातवारे नाहीत, मुरका नाही, फक्त स्वर. त्यांना ऐकायला बायका येऊ लागल्या, कारण तिथे येण्यात आता संकोच उरला नव्हता. मुंबईत केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांनी अल्लादिया खाँसाहेबांची अवघड गायकी अशा तोलाने मांडली की मोठमोठे जाणकार गप्प बसून ऐकत.

ज्यांना उंबरा ओलांडता येत नव्हता, त्यांच्याकडे गाणं स्वतः चालत आलं. १९२७ मध्ये मुंबईत रेडिओ केंद्र सुरू झालं, १९५३ मध्ये पुण्यात. चुलीपाशी बसलेल्या बाईला कुणाची परवानगी न मागता, कुणाच्या नजरेला न पडता मैफल ऐकता आली. आपणही आज रेडिओवरूनच बोलतोय, म्हणून या उपकाराची आठवण ठेवायलाच हवी.

त्याच १९५३ साली पुण्यात सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू झाला. पुढे तो वर्षानुवर्षं रमणबागेच्या मैदानात भरत राहिला. सतरंजीवर, खुर्चीवर, घरच्यांबरोबर, मैत्रिणींबरोबर बायका रात्रभर बसून गाणं ऐकू लागल्या. १९५८ मध्ये अंजनीबाई मालपेकर यांना संगीत नाटक अकादमीने आपलं सर्वोच्च सदस्यत्व दिलं. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. ज्यांना दूर ठेवून सभ्य मैफली सुरू झाल्या, त्यांच्यापैकी एकीचा मान असा उशिरा का होईना, झाला.

हिशेब तरीही पुरा मिटला नाही. सवाई गंधर्वांच्या शिष्या, हुबळीच्या गंगूबाई हनगल एक गोष्ट बोलून दाखवायच्या: मुसलमान गवई मोठा झाला की उस्ताद होतो, हिंदू गवई पंडित होतो, केसरबाई आणि मोगूबाई मात्र कितीही मोठ्या झाल्या तरी बाईच राहतात. मैत्रिणींनो, आपल्या गावात म्युझिक सर्कल असेल, तर त्याच्या जुन्या पत्रिका काढून बघा. गाणाऱ्यांची नावं कशी छापली आहेत, कुणापुढे काय लावलं आहे, आणि कार्यकारी मंडळात किती बायका आहेत, हे वाचा. आम्हाला कळवा. पुढच्या एखाद्या भागात तुमच्याच गावाचा इतिहास ऐकू.