व्हिडिओ गेममधील त्रुटींचा स्पर्धात्मक वापर

गेमच्या रचनेतील अनपेक्षित दोषाचा स्पर्धेत फायदा घेण्याची पद्धत. ‘स्ट्रीट फायटर २’मधील (१९९१) सलग प्रहारांची साखळी मुळात अशीच त्रुटी होती, निर्मात्यांनी ती राहू दिली आणि पुढे ती लढतीच्या खेळांचा पाया ठरली. याउलट, स्वीडनमधील ‘ड्रीमहॅक विंटर २०१४’ या स्पर्धेत ‘काउंटर-स्ट्राइक’च्या उपांत्यपूर्व सामन्यात फ्नॅटिक संघाने एकमेकांच्या डोक्यावर चढून, अदृश्य कडेवर उभे राहून ‘ओव्हरपास’ नकाशाचा मोठा भाग टेहळला आणि ३–१२ अशा पिछाडीवरून १६–१३ असा विजय मिळवला. तक्रारींनंतर फेरसामन्याचा आदेश निघाला. फ्नॅटिकने माघार घेतली व प्रतिस्पर्धी एलडीएलसी संघ अखेर विजेता ठरला. नियमांची स्पष्टता आणि प्रतिस्पर्ध्याला प्रतिकाराची खरी संधी, हेच न्याय्यतेचे मुख्य निकष होत.