विहिरींचे स्थानिक नियमन : चारोटी परिसर

खाजगी विहिरी, कूपनलिका, झरे आणि लहान नळयोजना यांतील पाण्याचा उपसा, वाटप व शुद्धता यांवर गावाने, पंचायतीने किंवा जिल्हा पातळीवरील अधिकाऱ्याने ठेवलेल्या नियंत्रणास विहिरींचे स्थानिक नियमन म्हणता येईल. विहीर ही जमीनमालकाची, परंतु तिच्यात झिरपून येणारे पाणी शेजाऱ्याच्या जमिनीखालूनही आलेले असते. या विसंगतीतून नियमनाचे बहुतेक प्रश्न उद्‌भवतात. महाराष्ट्रात या विषयाचा विचार प्रायः पठारावरील अवर्षणग्रस्त प्रदेशाच्या संदर्भात झाला. उत्तर कोकणातील भरपूर पावसाच्या आदिवासी भागात त्याचे स्वरूप निराळे आहे. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी हे तालुके, विशेषतः चारोटीचा परिसर, हे त्याचे बोलके उदाहरण होय.

चारोटी हे डहाणू तालुक्यातील गाव मुंबई–अहमदाबाद महामार्गावर, सूर्या नदीच्या खोऱ्यात वसले असून डहाणूहून जव्हारकडे जाणारा रस्ता येथे महामार्गास छेदतो. जवळच विवळवेढे येथील महालक्ष्मीचे देवस्थान आहे. चैत्री पौर्णिमेपासून तेथे मोठी यात्रा भरते, म्हणजे पाणी सर्वांत कमी असण्याच्या दिवसांतच. या भागात वर्षाला सरासरी सु. २०० सेंमी. पाऊस पडतो व तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. खडक बेसाल्टचा असल्यामुळे पाणी फक्त वरच्या कुजलेल्या थरात व खडकातील भेगांत साठते. हा साठा श्रावणापर्यंत तुडुंब भरतो. त्यानंतरचा पाऊस जमिनीत न मुरता ओढ्यांवाटे वाहून जातो, आणि साचलेले पाणीही उतारावरून हळूहळू निघून जाते. म्हणूनच पावसाळ्यात काठोकाठ भरलेली विहीर चैत्र–वैशाखात तळ दाखविते. किनाऱ्यालगतच्या डहाणू–घोलवड पट्ट्यात वाळू व गाळाच्या थरांतील विहिरींवर चिकूच्या वाड्या उभ्या राहिल्या. तेथे टंचाईपेक्षा अति उपशाने खारे पाणी आत शिरण्याची धास्ती मोठी. डोंगराकडील वारली, कोकणा, काथोडी इ. जमातींचे पाडे मात्र ओढ्याच्या पात्रात उकरलेल्या झऱ्यांवर व मोजक्या सार्वजनिक विहिरींवर अवलंबून राहिले. एकाच तालुक्यातील या दोन पाण्यांना एकच नियम कसा लावावा, हा प्रश्न अद्याप नीट सुटलेला नाही.

विहिरीविषयीचे सर्वांत जुने नियम सरकारने नव्हे, तर सामाईक मालकांनी केलेले आहेत. एका विहिरीत अनेकांचे हिस्से असत, ते आण्यांत मोजले जात आणि त्या प्रमाणात मोटेच्या किंवा रहाटाच्या पाळ्या ठरत. ‘विहिरीत चार आणे हिस्सा’ अशी नोंद सातबाराच्या इतर हक्कांच्या रकान्यात आजही आढळते. ही पद्धती टिकाऊ ठरली, कारण बैलाच्या बळावर चालणारी मोट विहिरीतील पाणी झऱ्याच्या वेगाहून फार जलद उपसू शकत नसे. उपशाची मर्यादा साधनातच अंतर्भूत होती. मात्र हे नियम हिस्सेदारांपुरतेच होते. ज्याच्याकडे जमीन नाही त्याला आण्याचा सोळावा भागही नव्हता.

ब्रिटिश अंमलात पाण्याच्या मालकीचे तत्त्व इंग्लंडमधून आले. तेथे १८४३ साली ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल या खटल्यात, कोळशाच्या खाणीमुळे एका कापड गिरणीची विहीर आटली असता खाणमालकावर कोणतीही जबाबदारी येत नाही, असा निर्णय झाला होता. भूमिगत पाणी दिसत नाही, त्याचे मार्ग ठाऊक नसतात, तेव्हा ज्याची जमीन त्याचे पाणी, असा त्याचा मथितार्थ. हेच तत्त्व १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमात उतरले. निश्चित प्रवाहाने न वाहणारे आपल्या जमिनीखालील पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा व त्याची विल्हेवाट लावण्याचा हक्क प्रत्येक जमीनमालकास मान्य करण्यात आला. १८९१ मध्ये हा अधिनियम मुंबई इलाख्यास लागू झाला. भूजलाच्या हालचालीचे शास्त्र पुढे पुष्कळ प्रगत झाले, परंतु अज्ञानावर आधारलेला हा नियम शंभर वर्षे अबाधित राहिला. सरकारचे धोरणही विहिरी वाढविण्याचेच होते. स्वतःच्या खर्चाने केलेल्या सुधारणेमुळे जमिनीचा सारा वाढवू नये, असे मुंबई इलाख्यातील महसुलाचे तत्त्व होते आणि १८८३ च्या जमीन सुधारणा कर्ज अधिनियमान्वये विहिरींसाठी तगाई मिळे.

याला एक अपवाद होता आणि तो उद्‌बोधक आहे. मुंबईच्या १८७९ च्या पाटबंधारे अधिनियमात कालव्यापासून २०० यार्डांच्या (सु. १८३ मी.) आत, कालव्यात पाणी सोडल्यानंतर खोदलेल्या विहिरीतून झिरपलेले पाणी घेणाऱ्यावर पाणीपट्टी बसविण्याची तरतूद होती. म्हणजे भूमिगत पाण्याचा मार्ग अज्ञेय आहे, हे तत्त्व सरकारी कालव्याच्या बाबतीत मात्र सरकारने मानले नाही. विहिरीभोवती अंतराचे वर्तुळ आखण्याची कल्पना या भागात प्रथम आली ती महसुलासाठी. पिण्याच्या पाण्यासाठी तसे वर्तुळ आखले जाण्यास आणखी ११४ वर्षे लागली.

दरम्यान खाजगी विहिरीवर सार्वजनिक सत्तेने हात घातला तो दोन कारणांनी : रोग व अस्पृश्यता. मुंबई शहरातील हिवतापाच्या चौकशीत डॉ. चार्ल्स बेंटली यांनी १९११ च्या अहवालात घरोघरच्या विहिरींतील डासांकडे बोट दाखविले. त्यानंतर महापालिकेने असंख्य विहिरी बुजविल्या किंवा झाकावयास लावल्या. धर्मकृत्यांसाठी विहिरीचे पाणी आवश्यक मानणाऱ्या पारशी व इतर समाजांनी त्यास विरोध केला आणि काही विहिरी झाकण बसवून राखल्या गेल्या. ग्रामीण भागात नारूच्या प्रतिबंधासाठी पायऱ्यांच्या विहिरींत उतरणे बंद करून त्यांवर कठडे व रहाट बसविणे हा मुख्य उपाय होता. १९९६ नंतर भारतात नारूचा रुग्ण आढळला नाही व २००० मध्ये देश नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला.

दुसऱ्या कारणाचा इतिहास अधिक कटू आहे. १८६८ मध्ये जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. खाजगी पाणी स्वेच्छेने सार्वजनिक करण्याचे हे उदाहरण एकाकीच राहिले. सीताराम केशव बोले यांच्या ठरावान्वये १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला. त्यानंतर तेथील सवर्णांनी जो दावा लावला त्यात तळे खाजगी असल्याचेच प्रतिपादन होते. उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी ते फेटाळले. पाणी ‘खाजगी’ आहे असे म्हणण्याने काय साधता येते, हे या खटल्याइतके स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने राज्याच्या पैशातून राखलेल्या किंवा जनतेस अर्पण केलेल्या विहिरी सर्वांना खुल्या केल्या, खाजगी विहिरी तेवढ्या बाहेर राहिल्या. डहाणूकडील आदिवासींची अडचण स्पर्शास्पर्शाची नसून जमिनीची होती. १९४५ च्या वारल्यांच्या उठावामागे वेठबिगारी व जमिनीचे अपहरण होते. जमीन गेली की तिच्यातील विहीरही जाई, आणि कुळकायद्यान्वये जमीन परत आली तेथे विहीरही परत आली.

१९७२ च्या दुष्काळानंतर परिस्थिती पालटली. विंधणयंत्रे व विजेचे पंप खेडोपाडी पोहोचले, साधनातील मर्यादा संपली. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा याच सुमारास स्थापन झाली व सार्वजनिक कूपनलिकांवर हातपंप बसू लागले. परंतु सार्वजनिक विहिरीशेजारी कोणी खोल कूपनलिका घेतली, तर तिला थोपविण्याचे साधन ग्रामपंचायतीजवळ नव्हते. ते १९९३ च्या महाराष्ट्र भूजल (पिण्याच्या पाण्यासाठी विनियमन) अधिनियमाने दिले. सार्वजनिक पेयजल स्रोतापासून ५०० मी. च्या आत परवानगीवाचून विहीर खोदण्यास मनाई झाली. टंचाईग्रस्त म्हणून जाहीर केलेल्या क्षेत्रात १ किमी. च्या आतील विहिरींचा उपसा रोखता येऊ लागला आणि अतिशोषित पाणलोट क्षेत्रांत नव्या विहिरींना बंदी घालता येऊ लागली. अधिकार मात्र जिल्हाधिकाऱ्यासारख्या प्राधिकाऱ्यांकडे राहिले. त्याची जागा घेणारा २००९ चा भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम १ जून २०१४ पासून अंमलात आला. त्यात राज्य भूजल प्राधिकरण, विहिरींची व विंधणयंत्रांची नोंदणी, ६० मी. हून खोल विहिरींवरील निर्बंध आणि पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समित्या यांची तरतूद आहे. त्याखालील नियमांचा मसुदा २०१८ मध्ये हरकतींसाठी प्रसिद्ध झाला.

या दोन्ही अधिनियमांचा रोख अतिशोषणावर आहे. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे ग्रामसभेने सिंचनासाठी कूपनलिका घेण्यास बंदी करून कायद्यावाचून तेच साधले. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७४ पासून पाणीपंचायतीद्वारे जमिनीच्या नव्हे, तर माणसांच्या संख्येवर पाण्याचा हिस्सा ठरविला व भूमिहीनांनाही तो दिला. चारोटीस हे दोन्ही दाखले जसेच्या तसे लागू पडत नाहीत. येथील पाणी फार उपसले जाते म्हणून संपते असे नाही, ते टिकत नाही म्हणून संपते. अशा ठिकाणी पाड्याच्या विहिरीस वर्तुळाहूनही अधिक उपयोग वरच्या अंगाच्या उतारावरील बांधबंदिस्तीचा होतो, आणि तो उतार बहुधा वनखात्याच्या किंवा दुसऱ्या गावाच्या ताब्यात असतो. तथापि महामार्गालगत वस्ती, उपाहारगृहे व कूपनलिका वाढत असल्याने वर्तुळाचीही गरज तेथे आहेच.

डहाणू व तलासरी हे संपूर्ण तालुके १९८५ च्या आदेशान्वये अनुसूचित क्षेत्रात मोडतात. त्यामुळे १९९६ चा पंचायत (अनुसूचित क्षेत्रांवरील विस्तार) अधिनियम, ज्यास ‘पेसा’ म्हणतात, तेथे लागू आहे. त्यान्वये लहान जलाशयांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतींकडे सोपविले आहे. राज्याने ४ मार्च २०१४ रोजी केलेल्या नियमांनुसार एखादा पाडाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊन आपली ग्रामसभा भरवू शकतो. झऱ्यावर व तळ्यावर पाड्याचा शब्द चालावा, अशी ही तरतूद आहे. पण भूजल अधिनियमातील समिती पाणलोटाची असते, म्हणजे तिची हद्द उतार ठरवितो, तर पाड्याची हद्द माणसे ठरवितात. एकाच विहिरीवर दोन्हींचा अधिकार सांगता येतो.

लहान नळयोजना व सार्वजनिक विहिरी यांची दैनंदिन देखरेख ग्रामपंचायतीकडे असते. जलसुरक्षक विरंजक चूर्णाने पाणी शुद्ध करतो व नमुने प्रयोगशाळेत पाठवितो. पावसाळ्यापूर्वी व नंतर होणाऱ्या स्वच्छता सर्वेक्षणात स्रोताच्या धोक्यानुसार ग्रामपंचायतीस लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. खाजगी विहिरी या तपासणीबाहेर राहतात, आणि उन्हाळ्यात सार्वजनिक विहीर आटली की लोक त्यांच्याकडेच वळतात.

याच परिसरातून सूर्या नदीचे पाणी दूर नेले जाते. वरच्या अंगाला धामणी येथे धरण असून डहाणू व पालघर तालुक्यांच्या सिंचनासाठी तो प्रकल्प आखलेला होता. सूर्या प्रादेशिक योजनेद्वारे रोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी शहरांना द्यावयाचे ठरले : वसई–विरारला १८५ व मीरा–भाईंदरला २१८. स्थानिक शेतकऱ्यांनी त्यास विरोध केला. या वाटपाचा निर्णय राज्य पातळीवर झाला. सार्वजनिक पेयजल स्रोताजवळच्या नव्या विहिरीस मात्र परवानगी लागते.