गव्हाची युक्ती तणाकडे
हरियाणा-पंजाबच्या गव्हात उगवणारे ‘गुल्ली डंडा’ हे गवत ओंबी येईपर्यंत सहज ओळखू येत नाही. १९७० च्या दशकाअखेर त्यावर आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक आले. ते प्रकाशसंश्लेषण रोखते. गहू त्याचे विघटन करून वाचतो. भातामागून गहू, आणि दरवर्षी तेच औषध! १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस फवारूनही गवत हटेना. काही शेतकऱ्यांनी उभा गहू चाऱ्यासाठी कापला. तपासले तर गवतही गव्हाप्रमाणेच औषध पचवत होते. ते ‘शिकले’ असे मात्र वर्गात सांगू नये. अशी विरळ रोपे आधीपासून असावीत. फवारणीत तीच वाचली, त्यांचेच बी मातीत साठले. ऊस वा बरसीमची फेरपालट असलेल्या शेतांत हा उपद्रव कमी होता. दशकाअखेर नवी तणनाशके आली. पुढे त्यांनाही दाद न देणारा गुल्ली डंडा आढळला.