डावा मेंदू, उजवा मेंदू आणि उतारवय

आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा लवकर सुटली आणि पुढचे वाचन झाले ते पाळी संपल्यावर, मिळेल त्या पुस्तकातून. तरीही मेंदूतील रक्तावर बोलावयास सावर्ड्यात उभे आहोत, त्याला कारण आमची एक चूक आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्याच भागातील एका कारखान्यात यंत्रांचे काटे पाहणारा एक साथी होता. वय सत्तावन्न. त्याच्या हातून नोंदी चुकू लागल्या. "वय झाले, डोके चालत नाही," असे म्हणून व्यवस्थापनाने त्याला कमी पगाराच्या जागी बसविले. आम्ही गेटवर सभा घेतली. वय हा काही गुन्हा नव्हे, माणूस ठणठणीत आहे, असे गर्जून सांगितले आणि त्याची जागा परत मिळविली. चार महिन्यांनी एका सकाळी त्याच्या उजव्या हातातील चहाचा पेला गळून पडला आणि जीभ जड झाली. डॉक्टरांनी मानेवर यंत्र फिरविले, तेव्हा डाव्या बाजूची रक्तवाहिनी फार अरुंद झालेली दिसली. व्यवस्थापन म्हणाले वय, आम्ही म्हणालो काहीच नाही. त्याचा रक्तदाब मात्र कोणीही मोजला नव्हता.

डाव्या बाजूची वाहिनी बिघडली असता उजवा हात आणि वाचा का जावी, हे कोडे पॅरिसमध्ये सुटू लागले. १८६१ साली पॉल ब्रोका यांच्यापुढे लबोर्न्य नावाचा रोगी आला. जोड्यांचे लाकडी ठोकळे करणारा हा कारागीर वर्षानुवर्षे 'टॅन' एवढेच बोलत असे. त्याच्या मृत्यूनंतर मेंदूच्या डाव्या भागात पुढच्या बाजूस इजा आढळली. आणखी रोगी पाहून १८६५ साली ब्रोकांनी सांगितले की, वाचेचे ठाणे बहुधा डावीकडे असते.

मग इटलीत अँजेलो मोसो यांना बर्टिनो नावाचा शेतकरी भेटला. त्याच्या कवटीला भोक पडले होते. दुपारची घंटा वाजली की त्या भोकातून दिसणारी मेंदूची धडधड वाढे. १९२८ साली अमेरिकेत जॉन फुल्टन यांनी एका खलाशाची हकीकत छापली. डोक्यामागच्या बिघडलेल्या रक्तवाहिन्यांचा आवाज तो वाचू लागला की मोठा होई. ठोकळेवाला, शेतकरी, खलाशी! विज्ञानाला मेंदू दाखविला तो कष्टकऱ्यांनीच, एवढे आम्ही जाता जाता नोंदवून ठेवतो.

खरे मोजमाप आले ते सेमूर केटी आणि कार्ल श्मिट यांच्यामुळे, १९४५ च्या सुमारास. माणसाला थोडा हसविणारा वायू हुंगवावयाचा, धमनीतील रक्त आणि मेंदूतून मानेकडे उतरणाऱ्या शिरेतील रक्त तपासावयाचे आणि त्यावरून हिशेब मांडावयाचा. १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर, म्हणजे सबंध मेंदूला जवळजवळ पाऊण लिटर रक्त लागते, असे निघाले. पण ही सरासरी होती. साहेबाचा आणि झाडूवाल्याचा पगार एकत्र करून काढलेल्या सरासरीने कोणाचे पोट भरते, ते आम्हांस ठाऊक आहे. आगराच्या पाटाचे पाणी शेवटी जेथून बाहेर पडते तेथेच मोजले, तर डावीकडच्या माडाला किती मिळाले हे कळत नाही.

या हिशेबात आपल्या मुंबईचा एक माणूस आहे, हे वाचून आम्हांस फार आनंद झाला. जे. जे. रुग्णालयात मेंदूच्या विकृतींचा अभ्यास करणारे डॉ. दाराब दस्तूर हे तेव्हा अमेरिकेत बेथेस्डा येथे केटी आणि सोकोलॉफ यांच्याबरोबर काम करीत होते. त्याआधी निरनिराळ्या रोग्यांचे आकडे जोडून, वयाबरोबर मेंदूचे रक्त घटत जाते असे धरले जाई. या मंडळींनी वृद्ध निवडले ते रुग्णालयातून नव्हे, तर हिंडते-फिरते, आपल्या घरी राहणारे, पासष्टीच्या पुढचे ४७ पुरुष. कसून तपासणी करून त्यांचे दोन गट केले. एकात पूर्ण निरोगी, दुसऱ्यात तक्रार नसून आतून काहीतरी रोग सुरू झालेले. १९६३ साली निष्कर्ष छापला गेला. निरोगी वृद्धांच्या मेंदूतील रक्तप्रवाह तरुणांच्या जवळपासच होता. साखरेचा वापर तेवढा कमी झाला होता. रक्तप्रवाहाची खरी घट दिसली ती लपलेला रोग असलेल्यांत! पुढील कित्येक मोजमापांत निरोगी म्हाताऱ्यांतही हळूहळू काही घट दिसली, हे लपविण्याचे कारण नाही. पण वय निराळे आणि वाहिन्यांचा रोग निराळा, ही फोड तेथे झाली. आमच्या गेटवर ती कोणालाच माहीत नव्हती.

बाजू निरनिराळ्या मोजण्याचे काम कोपनहेगनचे लासेन आणि लुंडचे इंग्वार यांनी पुढे नेले. किरण फेकणारा झेनॉन वायू रक्तात सोडून कवटीबाहेरून तो टिपता येऊ लागला. ऑब्रिस्ट यांनी तो हुंगवून दोन्ही बाजू एकदम पाहिल्या. स्वस्थ पडलेल्या निरोगी माणसात दोन्हीकडचा प्रवाह बहुतांशी सारखा असतो. फरक पडतो तो कामाला लागल्यावर. त्यातही गंमत अशी की, आठवण्याच्या काही कामांत तरुणाच्या मेंदूचा पुढचा भाग मुख्यतः एका बाजूने राबतो, तर म्हाताऱ्याचा पुष्कळदा दोन्ही बाजूंनी. रॉबर्टो काबेझा यांनी २००२ साली याची मांडणी केली. एका बैलाचे ओझे दोघांनी ओढावे तसे हे आहे असे कोणी म्हणतात. मेंदूची शिस्त सैलावली असे दुसरे म्हणतात. आमचा कल पहिल्या मताकडे आहे, पण तो कामगाराचा कल समजावा. मात्र स्वस्थ बसलेल्या माणसात एका बाजूचे रक्त ठळकपणे कमी दिसले, तर तेथे वय पुढे न करता मानेची वाहिनी तपासावी लागते.

त्यानंतरच्या मागणीपत्रात आम्ही एक कलम घातले: चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर वर्षातून दोनदा कारखान्याच्या खर्चाने तपासावी, आणि वयाचे कारण सांगून कोणास हलविण्यापूर्वी डॉक्टरांचा लेखी अभिप्राय घ्यावा. पहिला भाग मान्य झाला, वर्षातून एकदा या बोलीवर. दुसऱ्यावर बोलणी चालू आहेत. तो साथी गावी आहे. डाव्या हाताने सही करावयास तो शिकला आहे, आणि वर्गणीच्या पावतीवर ती वळणदार उमटते.