व्हॉल्व्ह एक्स्टेंडर

सायकलची रिम खोल असली की ट्यूबचा व्हॉल्व्ह पंपाला धरता येईल इतका बाहेर येत नाही. त्याची लांबी वाढवण्यासाठी जी पोकळ धातूची नळी जोडतात, तिला व्हॉल्व्ह एक्स्टेंडर म्हणतात. ही नळी बहुधा ॲल्युमिनियमची, क्वचित पितळेची असते आणि साधारण २० ते ८० मि.मी. लांबीत मिळते. शर्यतीच्या आणि ट्रायथलॉनच्या सायकली सोडल्या तर तिचे काम सहसा पडत नाही.

साध्या चाकाची रिम उथळ असते आणि लांब आरे वाऱ्यात घुसळत राहतात. रिम खोल केली की आरे आखूड होतात आणि टायरवरून आलेली हवा एकदम न फाटता रिमला धरून मागे सरकते. त्यामुळे वाऱ्याचा अडथळा कमी होतो. फ्रांचेस्को मोझेर या इटालियन सायकलपटूने जानेवारी १९८४ मध्ये मेक्सिको सिटीत तबकडीसारखी बंद चाके लावून एका तासात ५१.१५१ कि.मी. अंतर कापले आणि चाकाच्या आकाराकडे सगळ्यांचेच लक्ष गेले. बंद चाक आडव्या वाऱ्यात सांभाळणे कठीण, म्हणून रस्त्यावरच्या शर्यतीत खोल रिमचा मध्यम मार्ग रुळला. कार्बन फायबरमुळे अशा रिमा वजनाला हलक्या करता आल्या. आज ४० ते ६० मि.मी. खोली नेहमीची झाली आहे. झिप कंपनीच्या ‘४०४’ चाकाची रिम सुमारे ५८, तर ‘८०८’ची ८० मि.मी.हून अधिक खोल असते.

या चाकांना प्रेस्टा व्हॉल्व्ह लागतो. त्याची जाडी सुमारे ६ मि.मी. असते, मोटारसायकलीला असतो तो श्रेडर व्हॉल्व्ह सुमारे ८ मि.मी. जाडीचा. भोक लहान ठेवता आले की अरुंद रिम कमी कमकुवत होते. प्रेस्टाच्या टोकाशी एका बारीक दांडीवर छोटा नट असतो. तो सैल करून दांडी दाबली की वाट उघडते. एरवी टायरमधल्या हवेचा दाबच झडप घट्ट बसवून ठेवतो आणि नट फक्त कुलपाचे काम करतो. एक्स्टेंडरचे सगळे प्रकार आणि त्यांचे बहुतेक गुणदोष या नटापाशी येऊन थांबतात, कारण व्हॉल्व्ह लांबवला की नट रिमच्या आत राहणार की बाहेर येणार, हे ठरवावे लागते.

पहिल्या प्रकारात नळी व्हॉल्व्हच्या टोपणाच्या आट्यांवर टोपीसारखी फिरवून बसवतात. नट आत राहतो आणि एकदा नळी बसली की त्याला हात लागत नाही. म्हणून आधी तो पूर्ण वर आणून, शेवटच्या आट्याशी हलकेच अडकवून ठेवावा लागतो. तसे न केल्यास रस्त्यावरच्या हादऱ्यांनी तो खाली फिरतो, वाट बंद होते आणि पुढच्या वेळी पंपाचा काटा सरकन वर चढतो, पण टायर मऊच राहतो. हवा कमी करायची झाली तर बोट दांडीपर्यंत पोहोचत नाही. जुन्या आऱ्याचा तुकडा नळीत घालून दांडी दाबावी लागते. स्वस्तपणा आणि कोणत्याही प्रेस्टावर बसणे एवढेच या प्रकाराचे गुण. नळीच्या आत फिरणारी दांडी बसवून नट बाहेरून उघडता-मिटता येईल अशी सोय काही एक्स्टेंडरांत असते, पण ती नाजूक असते.

दुसऱ्या प्रकारात व्हॉल्व्हचा कोअर, म्हणजे झडप, दांडी आणि नट मिळून होणारा आतला भाग, लहान पान्याने काढून घेतात. मोकळ्या झालेल्या जागी एक्स्टेंडर फिरवतात आणि कोअर एक्स्टेंडरच्या बाहेरच्या टोकात बसवतात. नट परत हाताशी येतो, हवा भरणे-सोडणे नेहमीसारखे होते आणि दाबही खरा कळतो. ज्याला निवड करता येते त्याने हाच प्रकार घ्यावा. मात्र कोअर निघणारा असायला हवा. टोकाजवळ समोरासमोर दोन सपाट कडा दिसल्या तर तो निघतो. तो भाग संपूर्ण गोल असेल तर निघत नाही आणि पहिल्या प्रकाराशिवाय इलाज उरत नाही.

लांबी ठरवताना रिमची खोली आणि बाहेर हवे असलेले टोक यांची बेरीज करतात. व्हॉल्व्ह रिमच्या कडेतून नव्हे तर काही मि.मी. आतल्या तळातून निघतो, आणि पंपाच्या तोंडाला साधारण १५ ते २० मि.मी. पकड लागते. ५८ मि.मी.च्या रिममध्ये सुमारे ५२ मि.मी. व्हॉल्व्ह झाकला जातो असे धरले, तर एकूण ७० मि.मी. हवेत. ट्यूबचा व्हॉल्व्ह ४२ मि.मी. असेल तर हिशेबाने ३० मि.मी.चा तुकडा पुरतो. पण थोडी लांबी आट्यांत जाते आणि कोअर काढल्यावर मूळ व्हॉल्व्हही आखूड होतो, म्हणून ४० मि.मी.चा घेणे शहाणपणाचे. दोन एक्स्टेंडर एकावर एक चढवून काम भागवणे वाईट. गळतीच्या जागा वाढतात आणि नळी लटपटते.

जोड हवाबंद करण्यासाठी काही एक्स्टेंडरांना रबरी ओ-रिंग असते. ती असली तर आणखी काही लागत नाही. नसल्यास नळाला लावतात तीच पांढरी टेफ्लॉन टेप आट्यांवर दोन-तीन वेढे गुंडाळतात. वेढे आवळण्याच्या दिशेनेच द्यावेत, नाहीतर नळी फिरवताना टेप उलगडून गोळा होते. टेपचा तुकडा तोंडात लोंबत राहिला तर तोच हवा अडवतो. नळी बोटांनी घट्ट करून पान्याने थोडासा शेवटचा पीळ दिला की पुरे. पक्कड लावल्यास ॲल्युमिनियमचे बारीक आटे चटकन जातात, आणि व्हॉल्व्हचे आटे गेले की ट्यूबच टाकावी लागते. हे सगळे ट्यूब चाकात घालण्यापूर्वी करणे सोपे. थोडी हवा भरून जोड पाण्यात बुडवला की गळती बुडबुड्यांनी लगेच दिसते.

हवा भरताना लांब व्हॉल्व्ह तरफेसारखा वागतो. पंपाचे तोंड तिरके ओढले की ताण मुळाशी, रबर आणि धातूच्या जोडावर येतो. म्हणून एका हाताने रिम आणि पंपाचे तोंड मिळून धरावे. नळी असलेला उभा पंप बरा, व्हॉल्व्हवर थेट दाबायचा छोटा पंप जोखमीचा. गल्लीतल्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचे तोंड श्रेडरचे असते, त्यामुळे पितळी अ‍ॅडाप्टर खिशात नसेल तर एक्स्टेंडर कितीही चांगला असून उपयोग होत नाही. दाबाची मर्यादा एक्स्टेंडर नव्हे तर टायर आणि रिम ठरवतात. कडेला आकडी नसलेल्या हुकलेस रिमांसाठी ती ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय आहे.

चाक फिरताना येणारी टकटक ही नेहमीची तक्रार. बाहेरची नळी भोकाच्या कडेवर आपटते आणि पोकळ कार्बन रिम तो आवाज मोठा करते. भोकावर इन्सुलेशन टेपचा चौकोन चिकटवून मधोमध व्हॉल्व्हपुरते छिद्र पाडले किंवा रबरी वायसर बसवला की आवाज थांबतो.

ट्यूब वेगळी असेल तिथे ६० किंवा ८० मि.मी. व्हॉल्व्हची ट्यूब घेणे एक्स्टेंडरपेक्षा सरस, कारण जोडच नाही तर गळतीही नाही. तरीही एक्स्टेंडर टिकून आहे तो प्रामुख्याने ट्यूब्युलर टायरमुळे. या टायरमध्ये ट्यूब आत शिवलेली असते आणि टायर रिमला गोंदाने चिकटवतात, त्यामुळे मिळालेल्या व्हॉल्व्हवरच भागवावे लागते. दुसरा उपयोग सुट्या ट्यूबचा: एकच आखूड व्हॉल्व्हची ट्यूब आणि एक एक्स्टेंडर सोबत ठेवले की पुढचे उथळ आणि मागचे खोल, अशा दोन्ही चाकांची सोय होते; फक्त कोअर काढण्याचा छोटा पाना विसरता कामा नये. ट्यूबलेस चाकात लांब व्हॉल्व्हच वापरतात. तिथे एक्स्टेंडर लावल्यास सीलंट, म्हणजे टायरमधला छिद्रे बुजवणारा द्रव, आत सुकून वाट तुंबते. तबकडी चाकांत व्हॉल्व्हपाशी खिडकी ठेवलेली असते. त्यात सरळ नळी मावत नाही, म्हणून काटकोनात वळलेला अ‍ॅडाप्टर वापरतात.